टायची गाठ

कोटांच्या दोन रांगांमधल्या फटीतून लेकीला बाबा दिसत होते. टाय जागेवर होता. बाबांचं तसं छातीठोक सांगता येत नव्हतं.

काउंटरपलीकडे दुकानाच्या मालकीणबाई बसल्या होत्या. चष्मा कपाळावर, मापाची टेप गळ्यात. बाबा सगळी उत्तरं त्या टेपेला देत होते.

"अनुभव?"

"विम्याच्या कचेरीत एकतीस वर्षं. जुन्या फायलींच्या खोलीत," बाबांनी टेपेवरच्या बावीस आकड्याला सांगितलं.

"गिऱ्हाइकांशी बोलायची सवय आहे?"

"फायली फारशा बोलत नसत."

मालकीणबाई हसल्या नाहीत. लेकीने फटीतून दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे नेली आणि मग मालकीणबाईंकडे रोखली. बाबांनी ते पाहिलं, खिशातून रुमाल काढला आणि डोळे पुसले.

आठ दिवस जेवणाच्या टेबलावर सराव चालला होता. लेक साहेब व्हायची, बाबा उमेदवार. "डोळ्यांत बघा, बाबा. नोकरी मीठदाणी देणार नाहीये." घाबरल्यासारखं वाटलं तर श्वास घेऊन मनात चारपर्यंत मोजायचं, हेही तिनेच शिकवलं होतं. बाबा मोठ्याने मोजायचे.

पेन्शन पुरेशी होती. पण आई जाऊन अकरा महिने झाले होते आणि घरातल्या घरात बाबांनी पुन्हा कचेरी थाटली होती. तांदळाच्या डब्यावर 'तांदूळ', साखरेच्या डब्यावर 'साखर' अशा चिठ्ठ्या त्यांनी डकवल्या. मग एका डब्यावर 'रिकामा' अशी चिठ्ठी लावली. ती वाचली त्या दिवशी लेकीने पेपरातली या दुकानाची जाहिरात कापून घेतली. काहीही करून माणूस घराबाहेर पडला पाहिजे.

कपड्यांची चिंता नव्हती. शर्टाला इस्त्री तीनदा झाली होती. प्रश्न फक्त टायचा होता.

बाबांना टाय बांधता येत नाही, हा घरातला जुना विनोद. एकतीस वर्षं रोज सकाळी आई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून यायची, त्यांच्या पुढ्यात उभी राहून गाठ मारायची, आणि तेवढ्या वेळात तोंडाचा पट्टा सोडायची. "हजार फायली सांभाळतो हा माणूस, एक गाठ मारता येईल तर शपथ! आणि माझ्याकडे कधी धड बघायचं नाही. मी केस एवढेसे कापून आले, तर आठ दिवसांनी विचारतो, पडदे बदललेस का?"

शेवटची गाठ तिने बाबा कुणाच्या तरी निरोप समारंभाला निघाले तेव्हा मारली होती. ती बाबांनी सोडलीच नाही. टाय सैल करून डोक्यावरून काढायचा, खुंटीला अडकवायचा, आणि लागेल तेव्हा तसाच डोक्यावरून घालायचा. आज सकाळी तो कानाला अडकला. लेकीने कान सोडवला. गाठीला हात लावला नाही.

"बरं," मालकीणबाई म्हणाल्या. "आमची निम्मी गिऱ्हाइकं टाय इथेच बांधून मागतात. तुमचा सोडा आणि पुन्हा बांधून दाखवा."

बाबांचा हात गाठीपाशी गेला आणि तिथेच थांबला.

"एक," बाबा म्हणाले. "दोन. तीन."

"काय मोजताय?"

"नका सोडू!" कोटांची रांग हलली आणि लेक हँगरसकट बाहेर आली.

"तुम्ही कोण?"

"यांची मुलगी."

"अगंबाई! आणि मघाशी गिऱ्हाईक होऊन बायकांचा कोट नाही का, म्हणून विचारत होतात ते?"

"त्यांना टाय बांधता येत नाही हो. आई बांधायची. ही गाठ तिच्या हातची आहे. शेवटची."

मालकीणबाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. वाकून गाठ पाहिली. "असू दे ती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण बाई, ज्यांना टाय बांधता येत नाही त्यांना मी टायच्या काउंटरवर कसं उभं करू?"

लेकीने कोट हँगरला नीट लावायला घेतला.

बाबांनी दोघींपैकी कुणाकडेच पाहिलं नाही. काउंटरवरचा एक निळा टाय उचलला आणि ते दारालगतच्या पुतळ्यासमोर जाऊन उभे राहिले. कॉलर वर केली. एक वळसा, दुसरा वळसा, खालून वर, आतून खाली. कॉलर पाडली. गाठ बरोबर मधोमध बसली, खाली हवी तेवढीच खळी पडली. लेक बघत राहिली. हुबेहूब आईची गाठ.

मालकीणबाईंनी ती दोन बोटांनी ओढून पाहिली. हलली नाही.

"सोमवारी दहाला या," त्या म्हणाल्या. "आणि मुलीला घरी ठेवून या."

दोघं दुकानाच्या पायऱ्या उतरली. मग लेकीला राहवेना.

"बाबा, तुम्हाला येतं?"

"कॉलेजात होतो तेव्हापासून."

"मग आईला इतकी वर्षं रोज कशाला ताप? किती बोलायची तुम्हाला!"

बाबांनी गळ्यातली गाठ एका बोटाने सरळ केली. मग मान वर करून थेट लेकीच्या डोळ्यांत पाहिलं.

"गाठ मारताना ती खाली गाठीकडे बघायची," ते म्हणाले. "तेवढी दोन मिनिटं मी तिच्याकडे धड बघून घ्यायचो."