पुढची स्लाइड

“सर, पण हे जंगल तोडणार तरी कोण होतं?”

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून तिने उठून विचारलं, तेही फाडफाड इंग्रजीत. शाळेत माहिती द्यायला आलेले कंपनीचे साहेब खूश झाले. “शाब्बास! आम्ही जंगल वाचवलं, म्हणूनच परदेशी कारखाने त्यांच्या स्वतःच्या धुराच्या बदल्यात आम्हाला पैसे देतात. आणि तोडणारे हे बघ!” त्यांनी पुढची स्लाइड लावली.

पडद्यावर तिचे बाबा! खांद्यावर कुऱ्हाड आणि खाली लाल अक्षरांत, ‘जंगलाला धोका’. अख्खा वर्ग तिच्याकडे वळला; साहेब मात्र पडद्याकडेच बघत होते. वणवा लागला की सगळ्यांच्या आधी धावणारा, वाटेतली झुडपं तोडून आग अडवणारा तिचा बाप, आणि तो धोका? तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तास संपल्यावर साहेबांनीच तिला गाठलं. “परवा परदेशी तपासनीस गावकऱ्यांशी बोलायला येताहेत. दुभाषी होशील? तुझ्यासारखी चुणचुणीत मुलगीच हवी.”

“होईन की, सर!” ती गोड हसली.

घरी सगळं ऐकून बाबांनी मान खाली घातली. आई मात्र कडाडली, “आणि त्या मेल्याला तू हो म्हणून आलीस?”

“आले! माझं ठरलंय, आई. बाबा, परवा कुऱ्हाड घेऊनच या आणि मनात असेल ते सगळं बोला. साहेब शेजारीच उभे असतील, आणि मी एक शब्दही गाळणार नाहीये.”