भिंगरीचं मांजर

“ही मुलगी आमच्या शाळेत चालायची नाही,” साहेब कागदावरून मान न उचलता म्हणाले. “ऐकू येत नाही, म्हणजे भाषा नाही. भाषा कानातूनच आत जाते.”

आजीने मांडीवरची पिशवी खाली ठेवली. भांडायचं ठरलं की तिला हात मोकळे लागायचे. एका बाजूला सून बसली होती, दुसऱ्या बाजूला नात, भिंगरी. आज नाही म्हणाले तर पोर कायमची घरी बसणार. जवळपास दुसरी शाळा नव्हती.

“साहेब, वर बघून बोला,” आजी म्हणाली. “तुमच्या मिशीतून निम्मंच बाहेर येतं.”

सून कानकोंडी झाली. साहेबांनी मान वर करून तिच्याकडेच डोळे वटारले.

“भाषा शिकवावी लागते, बाई.”

“आम्ही दोघी बहिणी, आईला कामातून डोकं वर काढायला फुरसत नव्हती. आम्हाला कोणी शिकवलं? परसात बसून आमचं आम्हीच जुळवलं. काल काय झालं, उद्या कोणाची खोड काढायची, सगळं.”

आजीला बहीण आठवली. आईने दिवा मालवला की दोघींच्या गप्पा तिथेच तुटायच्या. मग दोघी आईवर रुसायच्या.

“ही नुसते इशारे करते,” साहेब म्हणाले.

“इशारे? परवा म्हणाली, दूध मी नाही सांडलं, खिडकीतून मांजर आलं, त्याने सांडलं, आणि मी पकडायच्या आत पळालं. आमच्याकडे मांजरच नाही, साहेब! एवढी थाप भाषेशिवाय मारून दाखवा.”

मिशीखाली हसू हललं. “थापा मारते म्हणून प्रवेश द्यायचा?”

“द्यायचाच. नाही दिलात तर उद्या येऊ, परवा येऊ. थकाल तुम्ही, आम्ही नाही.”

भिंगरी खुर्चीवर उभी राहून साहेबांच्या मिशीची नक्कल करत होती. साहेबांनी तिच्याकडे बघितलं, सुस्कारा सोडला आणि सही केली.

“वकील व्हायला हवं होतंत तुम्ही,” ते सुनेला म्हणाले. “घेतो पोरीला. फक्त सासूबाईंना सांगा, तिच्यासमोर असे सारखे हात हलवत बसू नका म्हणावं. वाईट सवय लागते.”

“त्यांच्याकडे तोंड करून तुम्हीच सांगा, ओठ वाचतात त्या,” सून म्हणाली. “मघापासून त्याच तर बोलताहेत. मी नुसता त्यांच्या हातांना आवाज दिला.”