नसलेला माल

बहिणीच्या साखरपुड्यात कुमारने रघूकाकांना मुद्दाम शेवटच्या रांगेत बसवलं. काका जेलमध्ये जाऊन आलेले, सोयऱ्यांना कळायला नको. स्वतः मात्र पुढे बसून तो होणाऱ्या भावोजींना मोबाईल दाखवत होता.

"काल तांबं विकलं, आज भाव पडला. मधला फरक आपल्या खिशात."

मागून काकांनी विचारलं, "कुमार, एवढं तांबं ठेवलं होतंस कुठं?"

पाहुणे हसले, तसा कुमारला जोर चढला. "काका, तांबं नसतंच. अ‍ॅपवर नुसत्या भावाचा सौदा असतो. तांबं, तेल, गहू, काहीही विका. आपल्याकडं असावं लागत नाही."

"आन् घेणारा माल न्यायला आला तर?"

"येतच नाही. त्याला तरी माल कुठं पाहिजे असतो? हे डोक्याचं काम आहे, काका. तुम्हाला नाही समजायचं."

काकांनी चहाचा कप खुर्चीखाली ठेवला.

"समजलं की. वडपे गावात हायवेच्या कडेची जमीन मी अशीच इकली एका गोडाऊनवाल्याला. माझी नव्हती, तरी इकली. त्यापायीच आत गेलो."

कुमारने मोबाईल खिशात घातला.

"तुझ्याएवढं डोकं न्हाय ना मला," काका म्हणाले. "गिऱ्हाईक असं धरलं, ज्याला जमीन खरंच पाहिजे होती."