वेल थोडी आत घ्या

"वेल आणखी थोडी आत घ्या," ती म्हणाली.

चौकटवाल्यानं माऊस सरकवला. पडद्यावरच्या फोटोत उजव्या कडेची फुलांची वेल बोटभर आत आली.

सकाळपासून त्यानं बाळांच्या वाढदिवसांना फुगे चिकटवले होते, नवरा-नवरीभोवती बदाम गुंफले होते, निवृत्त झालेल्या एका हेडमास्तरांना सोनेरी महिरप चढवली होती. मान आखडून नुसतं लाकूड झालं होतं. लोकांना हल्ली फोटोला चौकट नको असते, अख्खी बाग हवी असते, असं तो बायकोला सांगायचा. माळ्यानं चेहऱ्यापुरती जागा सोडली तरी मिळवली.

ही बाई मात्र वेगळीच होती. गुलाब लावू की जाई, विचारलं तर म्हणाली, काहीही लावा, पण दाट लावा. रंग विचारला तर नुसती मान हलवली. चष्म्याआडचे डोळे ओढलेले, केस कसेबसे बांधलेले, पदराला औषधाचा वास. तिला वेल फक्त आत हवी होती.

फोटो जुना होता. आई, वडील, धाकटा मुलगा आणि उजव्या कडेला थोरली मुलगी. दोन वेण्या, गुबगुबीत गाल, आणि हसू असं की डोळे मिटून गेलेले. आईचा हात तिच्या खांद्यावर होता.

त्या फोटोतली आई आता दुकानाच्या बाकावर बसली होती. सुरकुतलेली, पिशवी मांडीवर घट्ट धरून. मघापासून दोनदा उठून तिनं तेच म्हटलं होतं.

"बाई, निघायचं ना? माझी थोरली यायची आहे. दाराला कुलूप दिसलं तर माघारी जाईल."

"निघूच हं आजी," असं म्हणत बाईनं दोन्ही वेळा तिला हलकेच खाली बसवलं होतं.

वेल तिसऱ्यांदा आत घेताना चौकटवाल्याच्या डोक्यात उजेड पडला. ही चौकट नव्हतीच. हा पडदा होता, आणि तो त्या हसऱ्या मुलीवर पडायचा होता.

त्यानं माऊसवरचा हात काढला आणि कारण विचारलं.

बाईनं थकल्या आवाजात सांगितलं. मुलगा परदेशी असतो. आजींच्या उशाशी टॅब असतो, त्यावर दिवसभर हा फोटो असतो. ताट पुढं आलं की त्या फोटोकडं बघतात आणि ताट सरकवतात. थोरली आली की एकदम बसू, म्हणतात. अंगावर मांस उरलेलं नाही. असंच चाललं तर नळीनं भरवावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलंय. फोटोच काढून ठेवला, तर गेलेल्या नवऱ्याला शोधत घरभर भिंती चाचपत फिरल्या. म्हणून सगळे दिसायला हवेत, थोरली तेवढी नको. दिसली नाही तर कदाचित वाट बघणार नाहीत. चार घास पोटात जातील.

त्यानं कडाच कापून टाकायचं सुचवलं. बाईनं मान हलवली. कापलं तर आजींचा हातही जाईल.

ते खरंच होतं. त्यानं हाताच्या कडेकडेनं पानं नीट वळवून घेतली. आता तो हात फुलांवर टेकल्यासारखा दिसत होता. बाई त्या हाताकडं जरा जास्तच वेळ बघत राहिली.

"ही थोरली असते कुठं?" त्यानं विचारलं.

"गावातच."

"आणि आईकडं फिरकत नाही?"

बाईनं एकदा बाकाकडं वळून पाहिलं. "तिनं करून बघितलं सगळं," ती म्हणाली. "आजींच्या मनातली थोरली वेगळी आहे."

म्हणजे भांडण. चौकटवाल्यानं मनात निकाल लावून टाकला. माणूस एकदा न्यायाधीश होऊन बसला की त्याला साक्षीपुरावा कशाला लागतो? मुलगा परदेशी, मुलगी रुसलेली, म्हातारी भ्रमिष्ट, आणि घराच्या किल्ल्या या बाईच्या कमरेला. असल्या घरात काय होतं, ते त्यानं पुष्कळ ऐकलं होतं.

"तुम्ही कामाला किती वाजेपर्यंत असता?" त्यानं खडा टाकून पाहिला.

"चोवीस तास तिथंच."

"वाटलंच. लेकीच्या जागी फुलं लावली की आपली जागा पक्की होते, नाही का?"

बाईचा चेहरा हलला नाही. अशी बोलणी पचवायची तिला सवय असावी. तिनं नुसता चष्मा काढून पदरानं पुसला आणि परत लावला.

तो जास्तच चिडला. कुणाच्याही फोटोला कसलंही नटवणं तो करून देई, पण दुकानात एक नियम मात्र पाळत आला होता. जिवंत माणसाला फुलांखाली घालायचं, तर त्याला विचारून. देवानं ज्याला अजून नेलं नाही, त्याला आपण कोण पुसणार?

त्यानं तिला तसं बजावलं, आणि फाईल हवी असेल तर मुलीला फोन लावायला सांगितलं.

"ती नाही म्हणणार नाही," बाई म्हणाली.

"ते तुम्ही नका सांगू. मला तिच्या तोंडून ऐकायचंय. त्याशिवाय मी हे काम देणार नाही."

बाकावरून म्हातारी पुन्हा उठली होती. दाराकडं निघाली होती. बाईनं जाऊन तिला धरलं, ओठांच्या कडेची लाळ पुसली, सुटलेली चप्पल पायात सरकवली. म्हातारीनं तिच्या दंडावर हात थोपटला. "फार करता हो बाई माझं," ती म्हणाली. "आमची थोरली आली की सांगेन मी तिला."

"सांगा हं," म्हणत बाईनं तिला बसवलं.

मग ती टेबलाशी परत आली. पडद्यावर वेलीच्या फटीतून एक वेणी आणि अर्धं हसू अजून दिसत होतं. बाई खाली वाकली आणि बाकापर्यंत आवाज जाणार नाही इतक्या हळू म्हणाली,

"झाका मला, दादा."