झेंडूच्या गोळ्या

"निलेशा, खडप खंय आसा?" सुकाणू घट्ट धरत गुरुदासने विचारलं.

होडीच्या पुढच्या टोकावर बसलेल्या धाकट्या भावाने उत्तराला वेळ लावला. जाळं तळाशी अडकलं होतं. ते सोडवता सोडवता सूर्य बुडाला. मालवणचं बंदर आता समोरच होतं, पण वाटेत पाण्याखाली खडप, म्हणजे बुडलेले खडक, होते.

दिवेलागणीनंतर गुरुदासला दिसत नसे. कुडाळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा घराण्यातला रोग, डोळ्यामागचा पडदा हळूहळू सुकत जातो, औषध नाही. झेंडूच्या फुलांपासून केलेल्या गोळ्या त्यांनी लिहून दिल्या. गोळ्यांनी कुणाकुणाची नजर जरा जास्त टिकतही असेल, खात्री नाही, म्हणाले. पण काळोखात होडी हाकू नका, असं बजावलं. गुरुदासने गोळ्या तेवढ्या घेतल्या. बाकीचं निलेशच्या डोळ्यांवर सोडलं.

"उजव्या अंगाक," निलेश म्हणाला.

गुरुदासने होडी डावीकडे घातली. खालून खरवडल्याचा आवाज आला, फळ्या थरथरल्या. त्याने झटकन मशीन बंद केलं.

"तुका खरा दिसलेला?"

निलेश खालच्या आवाजात म्हणाला, "नाय. तुझ्यो गोळयो मी पण खातंय, दादा. शिमग्यापासना."

गुरुदासला राग आला नाही. त्याला लग्न आठवलं. वैशाखात निलेशचं लग्न ठरलं होतं, आचऱ्याच्या मुलीशी. लाट होडीला उचलून पुन्हा खडपाकडे ढकलत होती.

मागून एक होडी आली. मशीनच्या आवाजावरून गुरुदासने ओळखलं, महादूची. नवऱ्या मुलीचा सख्खा काका. काय झालं, म्हणून महादूने लांबूनच विचारलं. मशीन बिघडलं म्हणावं, असं गुरुदासच्या जिभेवर आलं. पण मदतीला आलेला माणूसही खडपावर जायचा.

"महादूकाकानू, हय खडप आसा. लांबसूनच दोरी टाका," तो म्हणाला. "माका दिसणा नाय."

इतक्या वर्षांत हे त्याने घराबाहेर प्रथमच उच्चारलं.

"निलेश आसा मां पुढे?" महादूने विचारलं.

गुरुदास घाईने काहीतरी बोलायला गेला. त्याच्याआधी निलेश उठून उभा राहिला.

"माकाय दिसणा नाय, काकानू."

पलीकडे महादूचं मशीन नुसतंच धडधडत राहिलं. मग दोरी कुठेतरी पाण्यावर आपटली, आणि दोघे भाऊ ओणवे होऊन ती चाचपू लागले.