पुढील हुकूम होईपर्यंत

राज्ये येतात आणि जातात, न्याय मात्र अढळ राहतो. अमरावतीच्या एका कचेरीत तर तो बेचाळीस सालापासून एकाच कपाटात अढळ होता.

बेचाळीसच्या ऑगस्टात खुशालरावांच्या गावाने तारेचे खांब पाडले. गोऱ्या साहेबाने शिक्षा म्हणून गावचा रविवारचा बाजार बंद केला, 'पुढील हुकूम होईपर्यंत'. पुढे साहेब विलायतेला गेला आणि पुढील हुकूम राहूनच गेला. आता सन साठ उजाडलं, तरी गावातल्या बाया भाजीची टोपली डोक्यावर घेऊन तीन कोसांवरच्या भातकुलीच्या बाजाराला जात होत्या.

"राज्य गेलं न जी बाबूसाहेब, मंग त्याचा हुकूम काहून राह्यला?" खुशालरावांनी त्या वर्षात चौथ्यांदा विचारलं.

"हुकूम कायदेशीर आहे," हेडक्लार्क मोरोपंत म्हणाले. "उठवायचा तर काही कारण लागतं."

"देश सोतंत्र झाला ना!"

मोरोपंतांनी फाइल शेवटपर्यंत चाळली. "तसा कागद यात लागलेला नाही."

खुशालरावांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. तेवढ्या वेळात समोरच्यावर हात उचलायची इच्छा ओसरते.

"मंग काय आणू? इंग्रजाची फारकती?"

"एक वाट आहे." मोरोपंतांनी पिवळा पडलेला छापील कागद पुढे सरकवला. झाल्या कृत्याबद्दल माफी, आणि पुन्हा तसं न वागण्याची हमी. 'बादशहा सरकार' एवढं खोडून वर शाईने 'महाराष्ट्र सरकार' केलं होतं.

खुशालरावांनी कागद ओळखला. खांब पाडल्याबद्दल तुरुंगात असताना जेलर दर सोमवारी असलाच पुढे करायचा. सही कर, घरी जा. नऊ महिने त्यांनी केली नव्हती.

"याच्यावर त म्या इंग्रजालेबी सई देली नाई."

"म्हणून तर प्रकरण लांबलं," मोरोपंत समजुतीने म्हणाले.

खुशालरावांना बायकोची, रुख्मिणीची मान आठवली. टोपली वाहून आली की रविवारी रात्री ती मान वळवून बोलत नसे, अख्खी वळत असे. त्यांनी टाक उचलला.

"दुसऱ्या प्रतीवरही," मोरोपंत म्हणाले.

पंधरवड्यात बाजार उघडायचा हुकूम सुटला. रविवारी खुशालराव सकाळीच बाजाराचा ओटा झाडून वांग्यांचा ढीग लावून बसले. दुपार झाली तरी कोणी फिरकलं नाही.

सगळं गाव, रुख्मिणीसकट, भातकुलीला गेलं होतं. गिऱ्हाईक तिकडेच होतं.