अर्धी दाढी

“दाढी वाढलीय दादाची,” नणंद म्हणाली. “काल एवढी नव्हती. बघ की जवळ येऊन. मेलेल्या माणसाची दाढी वाढते होय गं, वहिनी?”

वहिनी जवळच होती. मास्तरांच्या गालांवर पांढरी खुंटं उगवून आली होती, पेरल्यासारखी. खाटेशेजारचं यंत्र श्वास भरत होतं आणि छाती मुकाट्याने त्याचं ऐकत होती. नवऱ्याने कुणाचं इतकं मुकाट्याने ऐकलेलं वहिनीने जन्मात पाहिलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी सकाळीच सगळं सांगितलं होतं, आडपडदा न ठेवता. डोक्यात रक्त साचलं, मेंदू पूर्ण गेलाय. दोनदा तपासून पाहिलं. यंत्र आहे म्हणून हृदय चाललंय. तेही फार वेळ टिकणार नाही. “तुम्ही हो म्हणालात, तर त्यांच्या यकृतावर, मूत्रपिंडांवर दुसरं कुणी जगेल. नाही म्हणालात, तरी कुणी तुमच्याकडे बोट दाखवणार नाही.”

तो हो वहिनीच्या ओठांपर्यंत यायचा आणि माघारी फिरायचा. हो म्हणायचं म्हणजे ‘हे गेले’ असं आपल्याच तोंडाने म्हणायचं. आणि गेले नसले तर?

“आधी यांची दाढी करू द्या,” एवढंच ती म्हणाली होती. “असल्या तोंडाने हे कधी दारापर्यंतही गेले नाहीत.”

मास्तरांचा नेहमीचा सलूनवाला पेटी घेऊन आला. नळ्या पाहून तो दारातच अडखळला. मग दुकानात करायचा तेच केलं. फेस काढता काढता बोलायला लागला.

“काय मास्तर, डोक्यावरचं पीक तर कधीच गेलं. दाढीची तरी अब्रू राखू या.”

तोंडातली नळी धरून उभ्या असलेल्या नर्सला हसू आलं. तिने ते दाबलं. नणंद मात्र रडता रडता हसली. वस्तरा चरचर चालू लागला. नळीच्या पट्ट्यांना वळसा घालत, हनुवटीच्या खळीत थबकत, उजवा गाल झाला. सलूनवाल्याने वस्तरा पुसला.

“मास्तर, मान इकडे,” तो म्हणाला. आणि थांबला.

थांबला, कारण मास्तरांची मान त्याने कधी आपल्या हाताने वळवलीच नव्हती. पहिल्यांदा खुर्चीत बसले तेव्हाच मास्तरांनी त्याला बजावलं होतं: ढकलायचं नाही. सांगायचं, मी वळवतो. मान माझी आहे. घरात हे सगळ्यांना पाठ होतं. म्हणून वस्तरा हवेत राहिला, नणंदेचा रुमाल डोळ्यांपाशी राहिला, आणि वहिनी तर जीव कानांत आणून बसली. वळवतील. आता वळवतील. “ऐकू येतंय, ओरडू नकोस,” म्हणतील.

यंत्राने श्वास भरला. छाती वर गेली, खाली आली. मान होती तिथेच होती.

सलूनवाल्याचा चेहरा उतरला. “चुकलं, वहिनी. सवयीनं बोलून गेलो.”

“नाही,” वहिनी म्हणाली. “बरं झालं सांगून पाहिलंत.”

ती उठली. मास्तरांच्या डोक्याखाली तिने दोन्ही तळवे घातले. काठोकाठ भरलेला हंडा उतरवून घ्यावा तसा तो भार तिने हातांवर घेतला, आणि हळूच, नळी सांभाळत, मान वळवली.

कुणी रागावलं नाही.

डावा गाल बोलण्यावाचून झाला. सलूनवाल्याने पेटी मिटली, मास्तरांच्या पायांना हात लावला आणि कुणाकडे न बघता बाहेर पडला. दारात डॉक्टरबाई येऊन उभ्या होत्या.

“हो,” वहिनी म्हणाली. “न्या त्यांना.”

नणंद झेपावल्यासारखी पुढे आली. भावाच्या गुळगुळीत गालावर तिने पालथा हात ठेवला आणि तो तसाच राहिला.

“वहिनी… अगं, दादा गरम आहे गं अजून.”

“हो ना,” मास्तरांच्या कानामागे राहिलेला फेस पुसत वहिनी म्हणाली. “म्हणून तर घाई करायला हवी.”